दादाला किडनी कोणी द्यायची, आणि वहिनीच्या ‘हो’ला होकार मानायचे का?

रामबागकर
9 नोव्हेंबर, रात्री 10:40

सर्वांना नमस्कार. आजवर मी येथे केवळ वाचत आलो; आज पहिल्यांदा स्वतःचा धागा काढतो आहे, कारण घरात हे कोणाशी बोलता येत नाही.

माझ्या थोरल्या भावाच्या दोन्ही किडन्या मधुमेहामुळे निकामी झाल्या आहेत. गेले सात महिने तो आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, डायलिसिसवर असतो. दिवसाला किती पाणी प्यायचे याचे माप ठरलेले आहे. ज्या माणसाची इंदुरात पन्नास वर्षांत एकही रविवार-सकाळ पोह्यांवर मूठभर शेव घातल्याशिवाय गेली नाही, तो आता मीठ न घातलेली भाकरी खातो आणि तक्रार करीत नाही. त्याचे ते गप्प राहणेच अधिक सोसवत नाही.

डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विचार करण्यास सांगितले, म्हणून मागच्या रविवारी आम्ही सर्व आईकडे जमलो. आई 74 वर्षांची असून तिला जुना रक्तदाब आहे, त्यामुळे तिचा प्रश्नच नव्हता. दादा, वहिनी, देवासहून आलेली ताई आणि तिचे यजमान, काका, मी व माझी पत्नी एवढे होतो. काकांनी विचारले, “मग द्यायची कोणाची?” आणि खोलीतल्या प्रत्येकाची नजर वहिनीकडे वळली. माझीही वळली. वहिनी तेव्हा चहाचे कप गोळा करीत होती. “माझी तपासून घ्या,” असे म्हणून ती कप घेऊन आत गेली. काका म्हणाले, “चला, प्रश्न सुटला.”

त्या क्षणी मला सुटल्यासारखे वाटले, हे मी येथे लपवणार नाही. मी 44 वर्षांचा आहे, सख्खा भाऊ आहे, माझा रक्तगट दादाचाच म्हणजे ओ पॉझिटिव्ह आहे. तरीही कोणी माझ्याकडे पाहिले नाही आणि मीही तोंड उघडले नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. वहिनी जे बोलली त्याला होकार मानायचे का? ज्यांच्या घरी ही वेळ येऊन गेली आहे त्यांनी सांगावे.

मालवी_माती
9 नोव्हेंबर, रात्री 11:15

त्याला होकार मानू नये. कप उचलता उचलता कोणी असा निर्णय घेत नाही.

ओंकार_प
10 नोव्हेंबर, सकाळी 8:05

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत नाही. वयाच्या 26 व्या वर्षी माझ्यावर प्रत्यारोपण झाले आणि किडनी आईने दिली. तिला कोणी बसवून विचारले नव्हते. “मुलाला मी नाही द्यायची तर कोणी द्यायची?” एवढेच ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला माझ्याआधी तयार होऊन बसली. आपल्या घरांतील बायका मोठ्या गोष्टी कामाच्या ओघातच बोलून जातात. म्हणून त्या मनापासून नसतात असे धरणे मला अन्यायाचे वाटते. रामबागकर, तुमच्या वहिनींच्या शब्दावर शंका घेऊन तुम्ही कदाचित त्यांचाच अपमान कराल.

मधुमालती
10 नोव्हेंबर, दुपारी 3:30

ओंकार, तुमच्या आईंना माझा नमस्कार. मीही दिली आहे, 2016 साली, नवऱ्याला. आणि आजही देईन. तरी मला रामबागकरांची शंका योग्य वाटते. त्याचे कारण जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडेही असेच झाले होते. सासूबाई, दीर, नणंद यांच्यापैकी कोणी मला “तू दे” असे म्हटले नाही, आणि कोणी “तुला काय वाटते?” असेही विचारले नाही. पुढच्या दोन महिन्यांत माझ्या इतक्या तपासण्या झाल्या की मोजणे सोडून दिले: रक्त, लघवी, किडनीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, पेशींची जुळणी, हृदयाची तपासणी. त्या सर्व काळात मी जणू दुसऱ्याच कोणाच्या गाडीत बसले होते. रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी एके दिवशी घरच्या सर्वांना बाहेर पाठवून दार लावले आणि मला सांगितले, “शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीसुद्धा नको वाटले तर मला फक्त एक फोन करा. तुम्ही दाता म्हणून योग्य नाही एवढेच आम्ही घरी सांगू. कारण कोणालाही कळणार नाही.”

मी घरी आले आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपले. मी तो फोन केला नाही. पण नाही म्हणायची वाट उघडी आहे हे कळल्यावरच माझा होकार माझा झाला. त्यापूर्वी मी केवळ नकार दिलेला नव्हता.

शस्त्रक्रियेनंतरचेही सांगते, कारण त्याविषयी कोणी बोलत नाही. दुर्बिणीतून केली म्हणून जखमा लहान होत्या आणि चौथ्या दिवशी मला घरी सोडले, पण पाण्याची कळशी उचलायला दीड महिना गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांच्या खोलीत जाई. हे स्वाभाविक आहे, कारण आजारी ते होते. माझ्या उशाशी मात्र फक्त माझी आई बसलेली असे. त्यांच्या औषधांच्या वेळा घरातल्या लहान मुलालाही पाठ होत्या. माझा रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने दरवर्षी तपासायची असतात, त्याची आठवण आजपर्यंत मीच मला करून देते.

निवृत्त_वैद्य
10 नोव्हेंबर, रात्री 9:20

मधुमालतीताईंनी लिहिले ते प्रत्येक दात्याच्या नातेवाइकांनी वाचावे. वैद्यकीय बाजू थोडी मी मांडतो.

निरोगी, नीट तपासलेल्या दात्याचे एका किडनीवर सर्वसाधारण आयुष्य जाते. उरलेली किडनी आकाराने थोडी वाढते आणि दोन्ही मिळून पूर्वी जेवढे काम करीत, त्याच्या सुमारे 70 टक्के काम एकटी करू लागते. शस्त्रक्रियेत दात्याच्या जिवाला असलेला धोका दहा हजारांत तीनच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. तो शून्य नाही. “काही होत नाही हो” असे सांगून कोणाला तयार करू नये. जो आकडा आहे तो सांगावा आणि माणसाला विचार करू द्यावा.

रामबागकर, आता तुमच्याविषयी. दादांचा आजार मधुमेहातून आला आहे आणि तुम्ही त्यांचे सख्खे भाऊ आहात, म्हणजे मधुमेहाची शक्यता तुमच्याही घरात आहे. आधी तुमची उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी आणि ग्लुकोज पिऊन करायची चाचणी होईल. तुम्ही योग्य ठराल किंवा ठरणार नाही, पण ते तपासणीने ठरू द्या. नजर कोणाकडे वळली त्यावरून नव्हे. भावंडांत पेशींची पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक असते, पती-पत्नींत ती क्वचितच असते. आजच्या औषधांमुळे कमी जुळणीवरही प्रत्यारोपण चांगले चालते, परंतु केवळ शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तरी पहिली चौकशी भावंडांची व्हायला हवी होती.

वकिली_बाणा
11 नोव्हेंबर, सकाळी 7:50

कायद्याचे दोन मुद्दे. 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आणि त्याची 2011 ची दुरुस्ती यांनुसार पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे हे जवळचे नातेवाईक गणले जातात. दुसरा मुद्दा फारसा कोणाला ठाऊक नसतो. 2014 च्या नियमांत स्वतंत्र तरतूद आहे की दाता स्त्री असेल तर अधिक दक्षता घ्यावी, आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती किडनी घेणाऱ्याखेरीज अन्य व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. कायदा करणाऱ्यांना अशी ओळ लिहावी लागली, यातच पुष्कळ काही आले.

आकडेही पाहा. 1995 ते 2021 या काळात देशात नोंदल्या गेलेल्या 36,640 प्रत्यारोपणांपैकी 29,695 पुरुषांची होती आणि 6,945 स्त्रियांची. दुसरीकडे, जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात. ओंकार, तुमच्या आईंच्या प्रेमावर हे भाष्य नाही. पण वहिनींच्या जागी दादा निरोगी असते आणि वहिनी आजारी असत्या, तर त्या रविवारी नजरा कोठे वळल्या असत्या, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरापुरते द्यावे.

ओंकार_प
11 नोव्हेंबर, सकाळी 9:10

हा प्रश्न मी आज सकाळी आईलाच विचारला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “तुझ्या बाबांनाही विचारायला हवे होते. पण मग मला द्यायला मिळाली नसती.” तिच्या या वाक्याचे काय करायचे ते मला अजून कळलेले नाही. माझा पहिला प्रतिसाद मात्र घाईचा होता.

सुदामानगरकर
11 नोव्हेंबर, सायंकाळी 6:45

माझा अनुभव किडनीचा नसून रक्ताचा आहे. गेली 27 वर्षे मी नियमित रक्तदान करतो. रामबागकर, दादांना अधूनमधून रक्त चढवावे लागत असेल. तुम्ही घरातील मंडळी त्यांच्यासाठी रक्त देता का? तेही एक मोठे साहाय्यच आहे, आणि किडनी देणे जमले नाही तरी ते जमते.

निवृत्त_वैद्य
11 नोव्हेंबर, रात्री 8:30

सुदामानगरकर, आपल्या भावनेचा आदर राखून येथे सावध करतो. ज्या रुग्णाचे प्रत्यारोपण व्हायचे आहे त्याला शक्यतो रक्त चढवत नाहीत. दुसऱ्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशींविरुद्ध त्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढे जुळणारी किडनी मिळणे अवघड होते. म्हणून हिमोग्लोबिन वाढवण्यासाठी इंजेक्शने देतात आणि रक्त द्यावेच लागले तर पांढऱ्या पेशी गाळून देतात. भावाचे किंवा पत्नीचे रक्त थेट रुग्णाला देणे तर कटाक्षाने टाळावे, कारण उद्या किडनी त्यांचीच घ्यायची असू शकते. रक्तपेढीत बदली रक्त देणे वेगळे: ते साठ्यात जाते आणि दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडते.

रामबागकर
11 नोव्हेंबर, रात्री 10:05

हे आम्हाला ठाऊक नव्हते. एप्रिलमध्ये दादाला दोन पिशव्या लागल्या तेव्हा मी आणि वहिनी दोघांनीही रक्त दिले होते. ते पेढीच्या साठ्यात गेले असे आठवते. उद्या विचारून घेतो.

सुदामानगरकर
12 नोव्हेंबर, सकाळी 7:30

वैद्यसाहेब, आभारी आहे. इतकी वर्षे देऊनही हे कळले नव्हते. पण बदली रक्ताचा विषय निघालाच आहे तर बोलतो. पैसे घेऊन रक्त देण्यावर 1 जानेवारी 1998 पासून आपल्या देशात बंदी आहे. त्याआधी रुग्णालयांच्या फाटकांपाशी उभी राहणारी माणसे मी पाहिली आहेत. पिवळे पडलेले डोळे, दंडावर सुयांच्या खुणा. आज ती माणसे नाहीत, पण त्यांच्या जागी भांबावलेले नातेवाईक उभे असतात, ज्यांना तासाभरात दाता आणा म्हणून सांगितलेले असते. एका रुग्णालयाबाहेर राणापूरकडून आलेला एक आदिवासी बाप मला भेटला. या शहरात तो कोणालाच ओळखत नव्हता. पेढीत साठा पुरेसा असता तर त्याच्यावर ती वेळच आली नसती. पुरुषाला 90 दिवसांनी आणि स्त्रीला 120 दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. आपल्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवात एक शिबिर घेऊन वर्षभर थांबू नये, कारण तांबड्या पेशी जेमतेम 35 ते 42 दिवस टिकतात आणि प्लेटलेट तर पाचच दिवस.

मालवी_माती
12 नोव्हेंबर, सकाळी 10:20

रक्ताचा विषय निघाला म्हणून आठवले. 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा असतो. नेहमीच्या चाचणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण त्या माणसाला ओ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही. 2024 मध्ये इंदुरात एका स्त्रीला हे रक्त हवे होते, तेव्हा महाराष्ट्रातून एक दाते सुमारे 400 किलोमीटरचा रस्ता मोटारीने पार करून आले होते. ना नाते, ना ओळख. रामबागेतून आईच्या घरापर्यंत जेवढे अंतर असेल तेवढ्यात आपण गप्प बसतो, म्हणून मला ते गृहस्थ वारंवार आठवतात.

क्षिप्रातीर
13 नोव्हेंबर, रात्री 11:50

येथे देणाऱ्यांविषयी बोलणे झाले. मी घेणारा आहे.

अकरा वर्षांपूर्वी पत्नीने मला किडनी दिली. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलो तेव्हा लघवीची पिशवी भरत असलेली पाहून रडलो होतो. ज्याने डायलिसिस भोगले आहे त्यालाच त्याचा अर्थ कळेल. त्यानंतरची वर्षे उत्तम गेली. रोज ठरल्या वेळी गोळ्या, गर्दीत मुखपट्टी, सराफ्याच्या खाऊबाजारात उघड्यावरचे खाणे कायमचे बंद. नव्या किडनीला शरीराने परके समजू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवावी लागते, त्यामुळे साधा ताप आला तरी घर घाबरते. याची सवय होते.

एका गोष्टीची होत नाही. दान मिळालेली किडनीही कायमची नसते; जिवंत दात्याची साधारण 15 ते 20 वर्षे चालते, काहींची कमी, काहींची अधिक. मागच्या वर्षी माझे क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात वाढणारा टाकाऊ घटक, 1.3 वरून 1.9 वर गेले. तो अहवाल मी पत्नीपासून तीन आठवडे लपवला. मला वाटत होते की तिने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू माझ्या हातून खराब होते आहे. तिला कपाटात कागद सापडला. ती रागावली, पण वेगळ्याच कारणासाठी: “मी दिली तेव्हाच ती तुमची झाली. तिचा हिशोब मला द्यायचा नाही. पण आजार मात्र माझ्यापासून लपवायचा नाही.”

रामबागकर, तुमच्या दादांचे मौन मला ओळखीचे वाटते. घेणाऱ्याला मागता येत नाही. वहिनी ‘हो’ म्हणाल्या तेव्हा दादा काय म्हणाले, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्यांनाही एकांतात विचारा.

शांता_लोकमान्यनगर
15 नोव्हेंबर, दुपारी 1:15

माझ्या धाकट्या भावाचा बायपासवर अपघात झाला आणि तिसऱ्या दिवशी त्याचा मेंदू मृत झाल्याचे सांगितले. चार डॉक्टरांचे मंडळ तपासणी करते आणि किमान सहा तासांनी तीच तपासणी पुन्हा करते. ते सहा तास मी त्याचा हात धरून बसले होते. हात ऊन होता, छाती यंत्रावर वरखाली होत होती. आई म्हणत होती, “श्वास चालू आहे, तुम्ही काय बोलता?” तिला कोणत्या शब्दांत सांगायचे ते मला सुचत नव्हते.

दुसऱ्या तपासणीनंतर आम्ही अवयवदानाला संमती दिली. त्याने कधी अर्ज भरला नव्हता. आणि भरला असता तरी घरच्यांना विचारतातच. 2015 पासून इंदुरात अवयव नेण्यासाठी कितीदा तरी रस्ते मोकळे केले गेले, त्यांपैकी एक रस्ता त्याच्यासाठी होता. यकृत विमानतळाकडे निघाले तेव्हा चौकाचौकांत पोलिसांनी वाहने थांबवली होती. त्याला आयुष्यात कधी सिग्नलला थांबायची सवय नव्हती, आणि त्या दिवशी त्याच्यासाठी सगळे शहर थांबले.

ते कोणाला मिळाले हे आम्हाला सांगितले नाही. आईला भेटायचे होते, मला नको होते. मला भीती वाटे की तो माणूस चांगला नसला तर? आता ती भीती गेली आहे.

हे लिहिण्याचे कारण असे की आम्हाला एका रात्रीत ठरवावे लागले. तुमच्याकडे वेळ आहे. मरणोत्तर दात्याची किडनी मिळावी म्हणून असलेल्या प्रतीक्षायादीत दादांचे नाव आत्ताच नोंदवून ठेवा. प्रतीक्षा मोठी आहे, कारण 2023 साली साऱ्या देशात असे दाते अकराशेच्या आसपासच होते. तरीही नाव घातले की घरात बोलायला सवड मिळते.

वकिली_बाणा
15 नोव्हेंबर, दुपारी 4:00

शांताताईंच्या सूचनेला जोडून: घरातील दात्याचा रक्तगट जुळला नाही तर अदलाबदलीचा, म्हणजे दोन कुटुंबांतील दात्यांनी एकमेकांच्या रुग्णाला किडनी देण्याचा, मार्गही 2011 पासून कायद्यात आहे. दोन कुटुंबांच्या शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी करतात, म्हणजे एकाने घेतल्यावर दुसऱ्याने माघार घेण्याचा प्रश्न उरत नाही.

रामबागकर
22 डिसेंबर, रात्री 9:30

उशीर झाला, क्षमा असावी. क्षिप्रातीर, तुम्ही सांगितले त्याप्रमाणे मी दादाला डायलिसिसच्या खुर्चीपाशी बसून विचारले. तो म्हणाला की त्या रविवारी त्याला खोलीतून उठून जायचे होते, पण अंगात त्राण नव्हते. आणि बायकोची घेण्यापेक्षा तो आहे तसाच राहील. वहिनीला त्याने हे सांगितलेले नव्हते. आता सांगितले आहे.

दोघींचेही, म्हणजे वहिनीचे आणि ताईचेही, समुपदेशकांशी एकटीने बोलणे झाले. त्या काय बोलल्या हे आम्ही विचारले नाही आणि विचारणार नाही. रुग्णालयाने एवढेच कळवले की तूर्त माझ्या तपासण्या पुढे न्याव्यात. साखर ठीक निघाली, किडन्या चांगल्या आहेत, पेशींची अर्धी जुळणी आहे, आणि दादाच्या रक्तात माझ्याविरुद्ध प्रतिपिंडे नाहीत.

मी आनंदाने घरी येऊन ही बातमी पत्नीला सांगितली. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “तुम्ही हे कधी ठरवलेत? मला कधी विचारलेत?” मी येथे दीड महिना वहिनीच्या संमतीविषयी वाचत होतो, आणि जिच्या संसारावर याचा परिणाम होणार तिच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मधुमालती
22 डिसेंबर, रात्री 10:10

आता उत्तर देऊ नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा आणि तुम्ही बाहेर बसा.

रामबागकर
8 फेब्रुवारी, रात्री 8:55

मधुमालतीताई, मी बाहेर बसलो. पाऊण तास. तिने वहीत सतरा प्रश्न लिहून नेले होते, आणि त्यांतील दोन असे होते की मला सुचलेही नव्हते: आमच्या मुलीला पुढे कधी गरज पडली तर काय, आणि माझे काही बरेवाईट झाले तर दादाच्या घरी त्याचे ओझे कोण वाहील. पहिल्याचे उत्तर डॉक्टरांनी दिले. दुसऱ्याचे वहिनीने दिले. ती स्वतः आमच्या घरी आली आणि दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ बसल्या.

पत्नीची एक अट आहे. मुलीची बारावीची परीक्षा पूर्ण होईपर्यंत शस्त्रक्रिया नको. दादा लगेच म्हणाला, “पोरीचा शेवटचा पेपर झाल्याशिवाय मी टेबलावर झोपणारच नाही.” एप्रिलचा शेवटचा आठवडा ठरतो आहे. वहिनी रुग्णालयात दादाजवळ राहील, पत्नी माझ्याजवळ, आणि ताई देवासहून येऊन आईला सांभाळेल. रक्तपेढीने दोन पिशव्यांची तजवीज करून ठेवण्यास सांगितले आहे. रक्त साठ्यात जाईल, थेट दादाला नव्हे, हे या वेळी मी आधीच विचारून घेतले.

सुदामानगरकर
8 फेब्रुवारी, रात्री 9:20

मी मागचे रक्तदान 18 जानेवारीस केले, म्हणजे 18 एप्रिलपासून पुन्हा देऊ शकतो. एक पिशवी माझी धरा. पेढीचा पत्ता आणि वेळ कळवा.

ओंकार_प
8 फेब्रुवारी, रात्री 9:34

मला औषधांमुळे देता येत नाही. माझा धाकटा भाऊ येईल. त्याला आधी विचारले आहे.